सावरगावचा हात

“तुम्ही पांढुर्ण्याच्या? म्हणजे गोटमारवाल्या!” सौंसरच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी एका बाईंनी मला हसत हसत हे विचारलं, आणि निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या चहाला दुसऱ्या एका बाईंनी तेच विचारलं. मधली सगळी वर्षं कोणी ना कोणी विचारतच होतं. पोळा जवळ आला की तर काही बोलायची सोय नाही. कॅमेरे घेऊन पोरं येतात आणि ‘या परंपरेबद्दल तुमच्या भावना काय’ म्हणून माईक तोंडाशी धरतात. माझ्या भावना चारचौघांत सांगण्यासारख्या नाहीत, असं मी मागे एकाला म्हटलं. त्याला ते इतकं आवडलं की म्हणतो, काकू, हेच पुन्हा एकदा कॅमेऱ्याकडे पाहून बोला. मी दार लावून घेतलं. त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे, आणि गोड करून लिहिणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सावरगावचे लोक पळसाचं झाड आणून नदीच्या मधोमध रोवतात, त्याला झेंडा बांधतात, हार-नारळ, पूजा, सगळं होतं. मग दिवसभर दोन्ही गावं एकमेकांना गोटे मारतात. पांढुर्ण्याच्या माणसानं त्या माऱ्यातून पाण्यात शिरायचं आणि झाड कुऱ्हाडीनं तोडून आणायचं. सावरगावनं तोडू द्यायचं नाही. तोडलं तर पांढुर्णा जिंकला, दिवस मावळेपर्यंत उभं राहिलं तर सावरगाव. शेवटी झाड आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि ज्यांनी दिवसभर एकमेकांची डोकी फोडली तेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. गोष्ट अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या एका पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, दोघं पाण्यात असताना दोन्हीकडून गोटे आले, दोघंही तिथंच मेली आणि लोकांनी त्यांना उचलून चंडीपुढे नेऊन ठेवलं. प्रेम त्या दोघांनी केलं, गोटे गावांनी मारले, आणि इतक्या पिढ्या उत्सव चालला आहे तो गोट्यांचा. त्या पोरीचं नाव काय होतं, हे मी पुष्कळांना विचारलं. एकालाही माहीत नाही.

माझी माय सावरगावची. पूल ओलांडला की माहेर. आमच्या गच्चीवरून तिला तिच्या भावाच्या अंगणातला कडुनिंब दिसायचा. वामनमामा आठवडी बाजाराला आला की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आमच्याकडे यायचा. अंबाडीची भाजी, कोवळी वांगी, हंगामात संत्री, जे असेल ते ओट्यावर ठेवायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि ‘सुमन, येतो वं’ म्हणून निघायचा. बाबांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कुलपं, बिजागऱ्या, पत्रे. माय लग्न होऊन आली तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासू आधीच गेलेली, आणि धाकटा दीर शंकर, म्हणजे माझा काका, स्वतःचं नाक पुसायची अक्कल नसलेला. मायनंच त्याला न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, तापात मांडीवर घेऊन बसली. मला कळायला लागलं तोवर तो चांगला मिशीवाला झाला होता, तरी जेवायला बसला की पहिला घास मायच्या हातचाच लागायचा. “वहिनी, तुह्या हाताचं मीठ येगळंच लागते,” म्हणायचा. माय म्हणायची, “मीठ मिठासारखंच लागते रे भामट्या, हात धुऊन ये पहिले.” मी तिची पोटची पोरगी, पण मला असा घास कधी मिळाला नाही, आणि त्याचा मला राग यायचा. नंतरच्या रागाला मात्र हे कारण नाही, कोणी तसं समजू नये.

पोळ्याच्या आधी बाबांच्या दुकानात पत्र्यांना उठाव यायचा. नदीकाठचे लोक खिडक्यांना आणि कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, पत्रे मारून घ्यायचे. म्हणजे एक भाऊ गोटे गोळा करून राहिला अन् दुसरा भाऊ त्याच गोट्यांसाठी पत्रे विकून राहिला, असं आमचं घर. पाहुण्यांनी घर भरून जायचं. कोणी तिगावहून, कोणी मोहगावहून, नागपूरची आत्या तर पोराबाळांसकट उतरायची. कोणाचा चंडीला नवस असायचा, कोणाला नुसती मौज पाहायची असायची. पुरण शिजायचं, कढी, वडे, तळणाचा वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. संध्याकाळी बैल ओवाळून झाले की काका आपली कुऱ्हाड घासूनपुसून तिला हळदकुंकू लावायचा, चंडीच्या पायाशी ठेवून आणायचा आणि येताना अंगाऱ्याची पुडी आणायचा. ती देवघरात राहायची. आमच्याकडे पक्की समजूत होती की गोटमारीत लागलेल्याला दवाखाना नको, चंडीचा अंगारा लावला की जखम पिकत नाही. नदीकाठी डॉक्टर औषधं मांडून बसलेले असायचे, तरी पोट्टे रक्तानं माखलेले आधी देवळाकडे पळायचे. अंगारा फासला की पुन्हा नदीत.

गोटमारीच्या दिवशी माय आमच्या घरात परकी व्हायची. असं कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण रीतच होती. सावरगावहून आलेल्या सुनेनं त्या दिवशी गच्चीवर जायचं नाही, माहेरचं नाव काढायचं नाही, नदीवर निघालेल्या पुरुषाच्या आडवं यायचं नाही. एरवी तिच्या हाताखाली राबणाऱ्या पाहुण्या बायाही त्या दिवशी तिला चिमटे काढायच्या, ‘काय वं सुमन, तुह्या भावानं गोटे धुऊन ठेवले का नाही?’ माय हसून न हसल्यासारखं करायची. दिवसभर अन्नाचा कण तोंडात घ्यायची नाही. उजाडायच्या आत चंडीला जाऊन यायची. मी एकदा विचारलं, काय मागितलं म्हणून. “तुह्या काकाले लागू नाही अन् तुह्या मामाले लागू नाही.” मी म्हटलं, “मंग देवी ऐकन कोणाचं?” ती म्हणाली, “ते तिचं ती पाहीन. माह्यासारखंच आहे न तिचं, दोन्हीकडचे आपलेच.”

मी मॅट्रिकला होते त्या वर्षीची गोष्ट. काकाचं नुकतंच लग्न झालं होतं. कमलकाकूच्या हातावरचा चुडा अजून उतरला नव्हता, आणि तिच्यासमोर मर्दुमकी दाखवायची म्हणून त्यानं दोस्तांत सांगून ठेवलं होतं की यंदा झाड मीच आणतो. तिकडे वामनमामा झाड राखणाऱ्यांत. मायला दोन्ही ठाऊक. सकाळी काका निघाला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आडवं जायचं नाही ना! तो ओरडला, “वहिनी, संध्याकाळी ओवाळायले तयार राहा!” ती आतूनच म्हणाली, “तू धड ये, मंग ओवाळतो.”

त्या दिवसाचे आवाज अजून कानात आहेत. ‘भगाओ, भगाओ’ अशी आरोळी उठायची, की पांढुर्ण्यानं सावरगावला मागे रेटलं असं समजायचं. मग तिकडून तशीच आरोळी. गोटा पत्र्यावर पडला की एक आवाज, कवेलूवर पडला की दुसरा. माणसावर पडला तर आवाज येत नाही, मागून नुसता गलका येतो. आम्ही पोरी देवघराच्या खोलीत शिळ्या पुरणपोळ्या दुधात कुस्करून खात बसलो होतो. दुपार कलायला आली होती. दारात एकदम पायांचा धडधडाट झाला आणि चार-पाच जणांनी काकाला आत आणून जमिनीवर ठेवलं. उजवा डोळा दिसतच नव्हता. तिथं नुसतं रक्त आणि माती.

बाबा देवघराकडे धावले आणि पुडी घेऊन आले. माय रीतभात विसरून स्वयंपाकघरातून तीरासारखी आली आणि बाबांचा हात धरला. सगळ्यांच्या देखत तिनं त्यांना हात लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“डोळ्यात काही घालू नका! बेबे, पाणी ठेव उकळायले, धुतलेलं फडकं आण. आतमधी कच असन गोट्याचा, वरून राख नका घालू. माह्या चुलतभावाचा डोळा असाच गेला, आमच्यातल्यांनी अंगारा भरला होता त्याच्यात. याले उचला अन् नागपूरच्या गाडीत बसवा, आता बसवा!”

काकाचा एक दोस्त होता, त्याचं नाव लिहायचीही माझी इच्छा नाही. तो म्हणाला, “सावरगावची अक्कल सावरगावात ठेवा, वहिनी. झेंडा देवळात पोचल्याशिवाय खेळणारा माणूस गाव सोडत नाही. आमच्या बापजाद्यांनी नाही सोडलं.”

“बापजाद्यांले डोळे होते न दोन?” माय म्हणाली.

“हिच्याच भावाचा गोटा असन!” भिंतीला टेकून बसलेली आत्या बोलली. “अन् आता वरून शहाणपण शिकवून राहिली.”

मायनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती खाली बसली, काकाचं डोकं उचलून तिनं मांडीवर घेतलं, तो लहान असताना तापात घ्यायची तसंच, आणि पदराच्या टोकानं गालावरचं रक्त टिपायला लागली. काकानं चांगला डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला उभ्या असलेल्या दोस्तांकडे पाहिलं. दारात कमलकाकू उभी होती, तिच्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, “वहिनी, सावरगावचा हात लावू नको मले.”

बाहेर ‘भगाओ, भगाओ’ चालूच होतं. मायनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “सुमन, तू आत जा.” एवढंच. वीस माणसांना रोज दुकानात सुनावणारा माणूस, त्याला याच्यापुढे एक शब्द सुचला नाही! मायनं एक उशी ओढली, काकाचं डोकं मांडीवरून अगदी सावकाश त्या उशीवर ठेवलं, उठली आणि मोरीवर जाऊन हात धुतले. मी तिच्या मागे उकळलेलं पाणी घेऊन उभी होते. “ओत ते,” म्हणाली. मी ओतलं. आत बाबांनी भावाच्या डोळ्यात अंगारा भरला.

झाड त्या वर्षी दुसऱ्याच कोणी तोडलं. संध्याकाळी लोक आले, काकाला खांद्यावर बसवलं, डोळ्यावर फडकं बांधलेल्या त्या माणसाला हार घातला आणि वाजतगाजत चंडीला नेलं. दोन दिवसांत चेहरा सुजून ओळखू येईना तेव्हा कुठे नागपूरला नेलं. बाबा एकटे परत आले, चपलाही न काढता दारात उभे राहिले आणि म्हणाले, डोळा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणला असता तर निदान प्रयत्न केला असता. माय मेथी निवडत होती. मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की बाई, तुझं ऐकायला पाहिजे होतं. कोण म्हणतो! उलट पोळा उलटून महिना झाला नाही तोच गल्लीत बोलणं सुरू झालं की सावरगाववालीनं अंगाऱ्यावर शंका घेतली, म्हणून देवी कोपली. मला सांगा, चंडीनं कधी कोणाला म्हटलं हो, की माझी राख डोळ्यात घाला? कपाळाला लावायची वस्तू डोळ्यात कोंबायची आणि नाव देवीचं घ्यायचं! मी आजही चंडीला जाते, हात जोडते. माझं भांडण तिच्याशी कधीच नव्हतं.

काका बरा होऊन आला. पहिल्या दिवशी जेवायला बसला आणि सवयीनं मायकडे तोंड करून थांबला. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, “कमल, वाढ त्याले.” त्या दिवसापासून माय मरेपर्यंत तिनं काकाला स्वतःच्या हातानं काही दिलं नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही, त्याच घरात राहून त्याचं सगळं रांधलं. पण ताट कमलकाकू वाढायची. ती माहेरी गेली असली की माय ताट वाढून जमिनीवर ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्यानं पाणी मागितलं तर पेला भरून खिडकीत ठेवायची. त्यानं उठून घ्यायचा. आधी आधी तो गुर्मीत होता. चारचौघांत सांगायचा, “एक डोळा देवीले देल्ला आपन,” आणि दरवर्षी नदीवर लोक त्याला हार घालायचे. मग हळूहळू त्याची गुर्मी उतरली. हंगामातलं पहिलं संत्रं सोलून हातावर घेऊन यायचा, “वहिनी, खाऊन पाह्य न.” ती म्हणायची, “ठेव तिथं.” खायची, पण त्याच्या हातातून घ्यायची नाही. एकदा त्याला सणकून ताप भरला होता. ती रात्रंदिवस उंबऱ्याशी बसून राहिली, काकूला पट्ट्या कशा ठेवायच्या ते सांगत, आणि आत गेली नाही. बाबा एकदा चिडून म्हणाले, “किती दिवस चालवशीन हे?” माय म्हणाली, “त्यानं सांगितलं तेवढंच करून राहिली मी.”

वामनमामाही पुढे ओट्यावर चढला नाही. बाजाराच्या दिवशी खाली सायकल धरून उभा राहायचा, पिशवी माझ्या हाती द्यायचा. तो पुन्हा पुन्हा सांगायचा, “सुमन, मी त्या टायमाले झाड धरून होतो वं, माह्या हातात गोटाच नव्हता.” माय म्हणायची, “तुले कोणी विचारलं? चहा पिऊन जा.” गोट्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, हे त्या गावात तिला एकटीलाच कळत होतं.

माय गेली ती माझ्या नोकरीची शेवटची वर्षं होती. बाबा आधीच गेले होते. मी सौंसरहून पोचले तेव्हा ती शुद्धीत नव्हती, आणि दुपारी गेली. मामा रिक्षा करून आला. थकलेला, हातात माहेरची साडी. या खेपेला तो ओट्यावर चढला. काकाच्या चांगल्या डोळ्यावरही तोवर पडदा आला होता. तो भिंत चाचपत चाचपत आला, एका हातात पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात तुळशीचं पान. “बेबे, हात धर न माहा. वहिनीच्या तोंडात पाणी घालतो.”

मी हात धरला, आणि तिथंच अडवून ठेवला. “काका, पांढुर्ण्याचा हात लावू नका माह्या मायले.”

बायकांनी तोंडाला पदर लावले. मामा म्हणाला, “असं नको करू, पोरी. घालू दे त्याले. सुमननं लहानाचा मोठा केला तो.”

“मामा, तुम्ही भले माणूस आहात. मी नाही.”

पाणी मामानं घातलं. काका वाटी घेऊन तसाच चाचपडत अंगणात गेला आणि ते पाणी तुळशीला ओतलं. माझ्याशी सगळे नातेवाईक वर्षभर धड बोलले नाहीत. मेलेल्या माणसासमोर असं वागतात का, म्हणाले. जित्या माणसाशी कसं वागले होते, ते त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. त्या दिवशी माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्याच वर्षी पोळ्याला मी पांढुर्ण्याला गेले. मायविना पहिला सण, म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी घरचे सगळे नदीवर, कमलकाकू देवळात, आणि घरात मी आणि काका. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. डोळ्यांनी जवळजवळ काहीच नाही, कानही मंद झालेले. दिवस कलताना नदीकडून गलका आला, ढोल वाजले, पोट्टे गुलाल उधळत गल्लीतून पळाले. पांढुर्ण्यानं झाड तोडलं होतं. काकानं मान वळवून विचारलं, “बेबे, कोण जिंकलं वं?”

त्याच्या त्या उत्सुक तोंडाकडे पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं होऊनही याला हेच विचारायचं आहे! त्याला झोंबावं म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, “सावरगाव.”

त्यानं मान पुन्हा नदीकडे वळवली. मग म्हणाला, “बरं झालं. वहिनी असती तं किती खुश झाली असती.” आणि जरा थांबून, “पाणी देतं का थोडं?”

मी आत गेले, पेला भरला आणि मायच्या सवयीनं खिडकीत ठेवायला गेले. त्याला दिसणार नाही हे लक्षात आलं, म्हणून हातात दिला. काकानं विचारलं की काय सांगायचं, ते घरच्यांना मी तेव्हाच बजावून ठेवलं आहे. नदीवर काहीही होवो, आमच्या घरी तेव्हापासून दरवर्षी सावरगावच जिंकतं.